डमी नंतर, माणसं आधी : ग्रामीण रुग्णालयात टीमचं ड्रिल कसं घ्यायचं

मेडिकल ऑफिसर एका कॉलेजात शिकलेला असतो. सिस्टर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नर्सिंग स्कूलमधून आलेल्या असतात, फार्मासिस्टनं डी. फार्म तिसरीकडं केलेलं असतं, आणि वॉर्डातले मामा कामावर येऊनच काम शिकलेले असतात. ही सगळी मंडळी पहिल्यांदा एकत्र येतात ती थेट खऱ्या पेशंटच्या कॉटभोवती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली आरोग्यसेवेतल्या एकत्र शिक्षणाची एक चौकट मांडली. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं, असा तिचा गाभा आहे. आपल्याकडं ट्रेनिंग भरपूर होतात, पण डॉक्टरांचं जिल्ह्याला, सिस्टरांचं वेगळ्या तारखेला, आणि मामा-मावशींचं बहुतेक वेळा होतच नाही.

‘टीमचं मॉक ड्रिल घ्या’, म्हणजे खोट्या पेशंटवर सगळ्यांचा मिळून सराव घ्या, असं पत्र हातात पडलेल्या नव्या माणसासाठी हे लिहितोय. तुम्ही मेडिकल ऑफिसर असाल, नर्सिंग ट्यूटर असाल किंवा कॉलेजात इंटर्नची जबाबदारी नुकतीच अंगावर आली असेल. पत्र मिळाल्यावर पहिला विचार येतो तो डमीचा, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचा : डमी कुठून आणायची, कोटेशन कुणाकडून मागवायचं? ते बाजूला ठेवा. एक कॉट, एक रिकामी खोली आणि पाच-सहा माणसं एवढ्यावर चांगलं ड्रिल होतं. मेडिकल कॉलेजांत २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून स्किल लॅब आवश्यक झाली आहे. तुम्ही घाटी, अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूरच्या आसपास असाल तर तिथली लॅब जरूर बघून या. सुई टोचायचा आणि ट्यूब टाकायचा सराव तिथं होईल. एकमेकांशी बोलायचा सराव मात्र आपल्याच वॉर्डात, आपल्याच माणसांसोबत करावा लागतो.

परवानगी आणि वेळ

इन्चार्ज सिस्टरांना आधी भेटा आणि मग वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. क्रम हाच ठेवा. इन्चार्ज सिस्टरांच्या मनात नसेल तर कागदावरची परवानगी कागदावरच राहते. ओपीडीच्या वेळात ड्रिल ठेवू नका. दुपारच्या ड्यूटी-बदलाला दोन्ही पाळ्यांची माणसं हाताशी असतात, तेव्हा तासभर मिळतो. घरी निघालेल्यांना मात्र आठवडाभर आधी सांगा आणि चहा-नाश्त्याची सोय करा.

अधीक्षक साहेबांना बघायला यायचं असतं. त्यांना नम्रपणे सांगा, की एखादी भूमिका घ्या, नाहीतर खोलीबाहेर थांबा. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला साहेब असला की ड्रिलचं इन्स्पेक्शन होऊन जातं.

टीममध्ये कोण कोण

सुरुवातीला प्रत्येकानं आपलीच खरी भूमिका करायची. मेडिकल ऑफिसर (एमओ) हा एमओच, सिस्टर ही सिस्टरच. एक एमओ, दोन सिस्टर, एक फार्मासिस्ट, वॉर्डातले मामा किंवा मावशी आणि जमलं तर १०८ ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर व पायलट (चालक), एवढी टीम पुरे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि आपले बरेच कठीण पेशंट तिच्यातूनच पुढं जातात, तरी ड्रिलला त्या लोकांना बोलवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कॉलेजात असाल तर इंटर्न, शेवटच्या वर्षाच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली-मुलं, फार्मसी आणि लॅब टेक्निशियनचे विद्यार्थी घ्या.

मामांना वगळू नका. हे मी उदारपणानं सांगत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर ते आणतात, गेटवर नातेवाइकांशी पहिलं बोलणं त्यांचंच होतं आणि पेशंट कसा उतरवला हेही त्यांनीच पाहिलेलं असतं.

प्रसंग कसा रचायचा

इथं वेळ घालवा, कारण नव्या माणसाचं ड्रिल बहुतेक इथंच फसतं. तो एक अवघड आजार निवडतो आणि डॉक्टरला ओळखता येतो का ते बघत बसतो. ती डॉक्टरची परीक्षा झाली. टीमचं ड्रिल करायचं तर एक नियम पाळा : माहिती एकाच्या हातात ठेवा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात. एकट्यानं कितीही हुशारी केली तरी प्रसंग सुटू नये, अशीच त्याची मांडणी करा.

मराठवाड्यात कपाशी-सोयाबीनच्या फवारणीतून होणारी विषबाधा हा यासाठी उत्तम प्रसंग आहे. सगळ्यांच्या ओळखीचा आहे, उपचार ग्रामीण रुग्णालयात सुरू होतो, आणि तो एका माणसाच्या हातानं होणं शक्यच नसतं. हिशेब बघा. ऑरगॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटातल्या विषबाधेत ॲट्रोपिन या उताऱ्याचा पहिला डोस साधारण १.८ ते ३ मिलीग्राम, दर पाच मिनिटांनी तपासायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट. आपल्याकडं ॲम्प्यूल मिळते ०.६ मिलीग्रामची. म्हणजे ३ मिलीग्राम धरले तर पहिल्या डोसला ५ ॲम्प्यूल, पाच मिनिटांनी १०, आणखी पाच मिनिटांनी २०. पहिल्या दहा मिनिटांत ३५ ॲम्प्यूल फोडायच्या, सिरिंजमध्ये ओढायच्या, द्यायच्या आणि वेळ लिहायची. त्याच वेळी सक्शन, म्हणजे तोंडातला फेस ओढून काढणारं यंत्र, चालू हवं, ऑक्सिजन हवा, अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुवायला हवं, आणि हे सगळं करणाऱ्यांच्या हातात ग्लोव्ह्ज हवेत. तुमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ॲट्रोपिनच्या किती ॲम्प्यूल आहेत, ते आजच मोजा. स्टोअरची किल्ली कुणाकडं असते हेही विचारून ठेवा.

प्रसंग असा लिहा :

पेशंट ४५ वर्षांचा शेतकरी. सकाळपासून कपाशीवर फवारणी, तोंडाला काही बांधलेलं नाही, पंप गळका, पाठ ओली. दुपारी चक्कर, उलट्या. भावानं आणि शेजाऱ्यानं मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलाय. आल्यावर घामानं डबडबलेला, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. नाडी ४८, बीपी ९०/६०, ऑक्सिजन ८४.

पहिल्या डोसनंतर : नाडी ६२, छाती तशीच.
दुसऱ्या डोसनंतर : नाडी ११०, छाती अजून ओली, सक्शनमध्ये फेस येतोच आहे.
तिसऱ्या डोसनंतर : नाडी ११८, छाती मोकळी, काख कोरडी, बीपी ११०/७०, ऑक्सिजनवर ९४. पण शुद्ध कमी होतेय आणि श्वास उथळ.

यातली मेख दुसऱ्या डोसनंतर आहे. मॉनिटरवर ११० दिसलं की नवा डॉक्टर ॲट्रोपिन थांबवायला बघतो. खरं तर थांबायचं कधी हे ठरवताना आधी छाती बघायची : ती मोकळी व्हायला हवी, काख कोरडी हवी, नाडी आणि वरचं बीपी ८० च्या वर हवं, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिलेल्या नसाव्यात. नाडी वाढली म्हणून हात आखडायचा नाही. आणि छाती अजून ओली आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? डोक्याशी उभं राहून सक्शन करणाऱ्या सिस्टरला. तिनं बोललं पाहिजे आणि डॉक्टरनं ऐकलं पाहिजे, तरच तिसरा डोस जातो.

दुसरी मेख गेटवर ठेवा. औषधाची बाटली मोटारसायकलच्या डिकीत आहे, हे भाऊ फक्त मामांना सांगतो. आत कुणी मामांना विचारलं तरच ते कळेल. तिसरी मेख फार्मासिस्टकडं : ट्रेमध्ये पंधराच ॲम्प्यूल, बाकीच्या स्टोअरमध्ये. दुसऱ्या डोसलाच ट्रे संपतो, त्यामुळं पहिला डोस जात असतानाच कुणीतरी पुढचं मागवायला हवं.

यापेक्षा जास्त मेखा मारू नका. आणि उपचाराचा प्रोटोकॉल, तुमच्या जिल्ह्यात जो चालतो तो, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून ठेवा. डोस आठवतो का हे तपासायला आपण जमलेलो नाही. माहिती समोर असूनही टीम अडखळली, तर अडखळण्याचं कारण बोलण्या-ऐकण्यात आहे हे स्पष्ट दिसतं.

पेशंट आणि नातेवाईक

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनं धडधाकट माणसाला पेशंटचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं, तिथून ही पद्धत रुळली. एकनाथांच्या पैठणचा हा मुलूख. भारुडात सोंग घेणारा, पथनाट्यात काम केलेला, गणपतीत नाटक बसवणारा कुणी ना कुणी प्रत्येक गावात सापडतो. ऑफिसमधला एखादा हौशी क्लार्कही चालतो. अलीकडंच घरात असा प्रसंग घडलेला माणूस मात्र घेऊ नका. निवडण्याआधी शांतपणे विचारून घ्या.

पेशंटला फार बोलायचं नाही, त्यामुळं खरा नट भावाच्या भूमिकेत लागतो. त्याला पुस्तकी मराठी देऊ नका. ‘ओ डॉक्टर, बघा की लवकर! सकाळधरनं फवाराय गेलता, आता डोळंच उघडंना झालाय. तोंडाला फेस यायलाय!’ असं ओरडत तो आत आला की खोलीतली हवा बदलते. देगलूरकडं असाल तर तेलुगू बोलणारा, उदगीरकडं कन्नड बोलणारा नातेवाईक ठेवून बघा. संभाजीनगर-नांदेडात दखनी बोलणारा ठेवा. मग टीममधल्या कुणाला ती भाषा येते, हे त्यांनाच शोधू द्या. बऱ्याचदा ती मावशींना येते.

भावाला तीन गोष्टी बजावून सांगा. कुणी नीट, डोळ्यांत बघून बोललं तर शांत व्हायचं. दोन मिनिटं कुणी लक्षच दिलं नाही तर आवाज चढवायचा. अंगाला हात लावायचा नाही आणि शिवी द्यायची नाही. दवाखान्यात मारहाणीचे प्रसंग घडतात, स्टाफच्या मनात ती भीती असते. ती ड्रिलमध्ये उकरून काढायची नाही.

पेशंटलाही एक परवलीचा शब्द द्या. ‘खरंच थांबा’ म्हटलं की सगळं थांबणार.

सामान

घामासाठी पाण्याचा स्प्रे. फेसासाठी दूध घुसळून आलेला फेस चमच्यानं ओठाच्या कडेला. आयव्हीची नळी हाताला फक्त चिकटपट्टीनं लावा आणि तिचं टोक कॉटखालच्या बादलीत सोडा, म्हणजे ‘दिलेलं’ औषध बादलीत जाईल. सोंग घेतलेल्या माणसाला सुई टोचायची नाही, तोंडात सक्शन घालायचं नाही. गालाजवळ धरलं तरी पुरतं. मॉनिटर नसेल तर आकडे जाड कागदावर लिहून एकेक दाखवा. बाहुल्यांचं आणि छातीचं विचारल्याशिवाय सांगू नका.

कीटकनाशकाची खरी बाटली, रिकामी आणि धुतलेली असली तरी, आणू नका. नव्या बाटलीला लेबल चिकटवा. वास यावा म्हणून कुणीतरी हमखास रॉकेल-पेट्रोलचं फडकं सुचवतं. शेजारी ऑक्सिजन आहे, तेव्हा नाही म्हणा.

ॲट्रोपिनऐवजी डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूल घ्या आणि प्रत्येकीवर ‘फक्त सरावासाठी’ अशी लाल पट्टी लावा. आधी मोजा, नंतर मोजा, आकडा जुळल्याशिवाय खोली सोडू नका. सरावाची एक ॲम्प्यूल जरी खऱ्या ट्रेमध्ये राहिली तर संध्याकाळी खऱ्या पेशंटला पाणी जाईल. हे काम फार्मासिस्टकडं सोपवा. ते याबाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर असतात.

दारावर मोठा बोर्ड : ‘सराव सुरू आहे’. शेजारच्या वॉर्डातल्या नातेवाइकांना तोंडानंही सांगा. नाहीतर आरडाओरडा ऐकून दवाखान्यात माणूस दगावल्याची बातमी तुमची चर्चा संपायच्या आत बसस्टँडवर पोचलेली असते. आणि खरा पेशंट आला तर कुणीही ‘ड्रिल बंद’ म्हणायचं, तिथल्या तिथं बंद. चर्चा नको, परवानगी नको.

सुरुवातीची दहा मिनिटं

सगळ्यांना खोली दाखवा. काय खरं आहे, काय खोटं आहे, बादली कुठं आहे, आकड्यांचे कागद कोण धरणार. बॉस्टनच्या एका सिम्युलेशन केंद्रानं रूढ केलेलं एक गृहीतक जगभर ड्रिलच्या आधी म्हटलं जातं, ते तुमच्या शब्दांत सांगा : इथं आलेला प्रत्येकजण हुशार आहे, त्याला काम येतं, ते नीट करायची त्याची इच्छा आहे आणि त्याला सुधारायचंय. मार्क नाहीत, एसीआरमध्ये, म्हणजे नोकरीच्या गोपनीय अहवालात, काही जाणार नाही. इथं घडलेलं इथंच राहील.

मोबाइल बाहेर. व्हिडिओ काढू नका. काढायचाच असेल तर सगळ्यांची संमती घ्या आणि चर्चेनंतर त्यांच्यासमोर पुसून टाका. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप गेली की पुढच्या ड्रिलला सगळे रजेवर.

दोन-तीन जण बघायला ठेवा, पण प्रत्येकाला मोजायला एकच गोष्ट द्या. एकानं मोजायचं : किती आदेश नाव घेऊन दिले, किती हवेत सोडले. दुसऱ्यानं : किती आदेशांना ‘झालं’ असं उत्तर आलं. नुसतं ‘निरीक्षण करा’ म्हटलं की लोक डॉक्टरकडं बघत बसतात.

ड्रिल चालू असताना

पंधरा मिनिटं. मध्ये शिकवू नका. तोंड शिवशिवेल, तरी नको.

काय ऐकायला हवं, ते आधी एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा :

‘सुनीता सिस्टर, ॲट्रोपिन ५ ॲम्प्यूल, आयव्ही, आत्ता.’
‘ॲट्रोपिन ५ ॲम्प्यूल, ३ मिलीग्राम, आयव्ही देतेय.’
‘... दिलं सर. चार वाजून बारा.’
‘चार-बाराला ३ मिलीग्राम. चार-सतराला परत बघू. सक्शनला कोण आहे, छाती कशी आहे?’

नाव घेऊन सांगणं, ऐकलेलं परत म्हणणं, झाल्यावर झालं म्हणणं. सुरुवातीला लोक हसतात, लहान पोरांसारखं वाटतं म्हणतात. पण ‘कुणीतरी सक्शन द्या रे’ असा हुकूम सुटला की तीन माणसं एकाच वेळी सक्शनकडं धावतात, किंवा एकही धावत नाही.

वरच्याला टोकणं हा याहून कठीण भाग आहे. आपल्याकडं सर म्हणजे सर. त्यासाठी अमेरिकेत २००६ साली आलेल्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणक्रमात एक तीन पायऱ्यांची पद्धत आहे. आपल्या बोलीत ती अशी बसते. पहिली पायरी : ‘सर, मला काळजी वाटतेय.’ दुसरी : ‘सर, हे मला बरोबर वाटेना. फेस अजून येतोय.’ तिसरी : ‘सर, थांबा. पेशंटला धोका आहे.’ तिसरं वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी डॉक्टरनं हातातलं थांबवून वर बघायचं, हा करार सुरुवातीलाच सगळ्यांसमोर करून घ्या. आणि तो करार डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्या. सिस्टरनं धीर करावा असं भाषण मी देणार नाही. धीर केल्यावर पुढं तिचं काय होतं ते एमओच्या हातात असतं.

मुद्दाम चूक पेरायची असेल, म्हणजे डॉक्टरलाच आधी सांगून ‘आता ॲट्रोपिन थांबवा’ म्हणायला लावायचं असेल, तर पहिली काही ड्रिल तरी ते करू नका. लोकांचा विश्वास बसल्यावर करा, आणि संपल्या संपल्या गुपित फोडा.

पुढं पाठवायचा फोन

शेवटची तीन मिनिटं फोनला द्या. शेजारच्या खोलीत एक सीनियर बसवा, तो मेडिकल कॉलेजचा कॅज्युअल्टी डॉक्टर. आपल्याकडचा नेहमीचा फोन असा असतो : ‘सर, एक पॉयझनिंग पाठवतोय.’ पलीकडून ‘बेड नाही’ एवढंच येतं. किनवट-माहूरकडून नांदेडला निघालेला पेशंट काही तास गाडीत असतो. त्याला हा फोन पुरत नाही.

अमेरिकी नौदलातून दवाखान्यांत आलेली एसबार नावाची रीत वापरा : आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवंय.

‘सर, ग्रामीण रुग्णालयातून एमओ बोलतोय. फवारणीतून विषबाधा झालेला ४५ वर्षांचा पेशंट आहे, श्वास उथळ व्हायलाय, तुमच्याकडं पाठवायचाय. सकाळपासून कपाशीवर फवारणी, तीनला उलट्या, चारला इथं आला. बाटली सोबत पाठवतोय. कपडे काढून अंग धुतलंय, ॲट्रोपिन आतापर्यंत २१ मिलीग्राम गेलंय. छाती आता मोकळी आहे, ऑक्सिजनवर ९४, पण शुद्ध कमी होतेय. व्हेंटिलेटर लागेल असं वाटतं. आयसीयूत जागा ठेवा, आणि निघायच्या आधी ट्यूब टाकू का ते सांगा.’

मिनिटभराचं बोलणं. २१ हा आकडा सांगता आला, तर सिस्टरांनी वेळा आणि डोस लिहिले होते असं समजा. आला नाही, तर चर्चेला विषय मिळाला. मग हेच सगळं १०८ च्या डॉक्टरला समोरासमोर सांगायचं. पायलटलाही ऐकू द्या.

नंतरची चर्चा

ड्रिल पंधरा मिनिटांचं असेल तर चर्चेला तीस-चाळीस मिनिटं ठेवा. खुर्च्या गोल, मध्ये टेबल नको. पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांना सुस्कारा टाकू द्या : कसं वाटलं? मग मुद्द्याकडं. बोलायचा क्रम उलटा ठेवा, म्हणजे मामा आधी, मग फार्मासिस्ट, मग सिस्टर, डॉक्टर शेवटी. डॉक्टर आधी बोलला की उरलेले सगळे ‘सर म्हणाले तसंच’ म्हणतात.

पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘सगळं छान झालं सर.’ इथं वाद घालू नका. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा, तुम्हाला काय वाटलं ते सांगा आणि मग विचारा. ‘सिस्टर, दुसऱ्या डोसनंतर सर म्हणाले नाडी ११० झाली, बास. तेव्हा तुम्ही सक्शनच्या बाटलीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं तुम्हाला काहीतरी खटकलं. मनात काय होतं?’ एवढं विचारून गप्प बसा. शांतता लांबते, घड्याळ ऐकू येतं. तरी भरू नका. ‘सर, फेस येतच होता, पण सरांनी बघितलं असेल असं वाटलं,’ असं उत्तर येतं, आणि डॉक्टर मान वर करून म्हणतो, ‘मी कुठं बघितला? मी तर मॉनिटर बघत होतो.’ यानंतर तुम्हाला फारसं काही शिकवावं लागत नाही.

‘का केलं नाहीत?’ असा प्रश्न टाळा. तो कारणे दाखवा नोटिशीसारखा वाजतो.

एका ग्रामीण रुग्णालयातली चर्चा माझ्या लक्षात राहिली आहे. अर्धा तास ॲट्रोपिनवर बोलणं झालं. बाटलीचा पत्ता शेवटपर्यंत लागला नव्हता. मग मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाटली डिकीत हाय म्हणून भावानं सांगितलं की मला. मला इचारलंच न्हाई कुणी.’ सगळे हसले, मामाही हसले. मग ते बोलतच राहिले. ऑक्सिजन सिलिंडरची चावी संध्याकाळनंतर ऑफिसच्या कपाटात जाते, म्हणून रात्री ते सिलिंडर पक्कडीनं उघडतात. ही गोष्ट खोलीतल्या एकाही डॉक्टरला ठाऊक नव्हती. चावी त्या दिवसापासून साखळीनं सिलिंडरलाच बांधली गेली.

अशा गोष्टींसाठी एक वही ठेवा. काय सापडलं, कोण करणार, कधीपर्यंत. तीनच रकाने. पुढच्या ड्रिलची सुरुवात ती वही वाचून करा. चावी, बॅटरी नसलेला लॅरिंगोस्कोप, बंद पडलेला सक्शनचा पॅडल असल्या गोष्टी आपण रोज बघतो आणि रोज विसरतो. ड्रिलमध्ये त्या नडतात, म्हणून लिहिल्या जातात. सर्टिफिकेट मागणारे भेटतील, त्यांना द्या.

पुढचे प्रसंग

दुसऱ्या ड्रिलला लगेच नवा आजार आणू नका. तोच प्रसंग, भूमिका बदलून. एमओला पाच मिनिटं ॲम्प्यूल फोडायला बसवा. वीस ॲम्प्यूल म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळलं की पुढच्या वेळी तो पहिला डोस सांगतानाच दुसऱ्याची तयारी मागतो.

मग साप. इथं वेळ आणि हात दोन्ही लागतात : अँटी स्नेक व्हेनमच्या सुरुवातीच्या १० व्हायल, प्रत्येकीतली पावडर विरघळवायची, हलवून फेस करायचा नाही, रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनालिन आधीच भरून ठेवायचं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये करायची आणि तोपर्यंत ट्यूब हलवायची नाही. मेख अशी टाका की लॅब टेक्निशियन घरी गेलाय आणि काचेची ट्यूब कुठं असते ते फक्त मावशींना माहीत आहे. घड्याळ कुणी बघायचं, हे आधी ठरवलेलं नसेल तर वीस मिनिटं कधी झाली ते कुणालाच कळत नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव त्यानंतर घ्या. खाण्याचा लाल रंग आणि थोडं कॉर्नफ्लोअर पाण्यात मिसळून ५०० मिलीलिटर मोजा, सुती कापडावर ओता आणि प्रत्येकाला कागदावर अंदाज लिहायला लावा. डोळ्यांचा अंदाज बहुतेक कमीच निघतो, आणि तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला की रक्त मोजण्याची पिशवी का वापरायची हे वेगळं सांगावं लागत नाही. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्राम बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत जायला हवं. म्हणून बाळ जन्मल्याची वेळ कोण मोठ्यानं सांगणार आणि कोण लिहिणार, हे इथल्या संवादात घ्या.

रात्रपाळीचं ड्रिल वेगळं लिहा, दिवसाचंच रात्री घेऊ नका. तेव्हा वॉर्डात एक सिस्टर, एक मामा असतात आणि एमओ क्वार्टरवर. प्रसंग पाच मिनिटांचा पुरे : पेशंट आला, सिस्टरनं फोनवर एमओला काय सांगायचं, तो येईपर्यंत मामांनी काय करायचं आणि स्टोअर कुणी उघडायचं. चर्चा उभ्या उभ्या दहा मिनिटं. वही रात्रीही हाताला लागेल अशा जागी ठेवा.